बिस्किटं न गिळण्याची परवानगी

"दिवसाला बिस्किटं किती खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

चाखणिसांनी खरं सांगायचं ठरवलं होतं. पण खरं सांगायचं म्हटलं तरी आधी प्रश्न नीट कळायला हवा. "कामावरची की घरची?" त्यांनी विचारलं.

"कामावर बिस्किटं खाता?"

"बिस्किटं खाणं हेच माझं काम आहे," ते म्हणाले. हे वाक्य आपल्या तोंडून जरा जास्तच ताठ मानेनं गेलं असं त्यांना लगेच वाटलं, कारण समोर टेबलावर त्यांचा रक्ताचा अहवाल पडला होता आणि त्यातले आकडे काही ताठ मानेनं वाचण्यासारखे नव्हते.

चाखणीस हे त्यांचं आडनाव नव्हे. बिस्किटांच्या कारखान्यात त्यांचा हुद्दा होता 'गुणवत्ता परीक्षक, चव विभाग', आणि त्या विभागात ते एकटेच होते. एवढं लांबलचक कोण म्हणणार? भट्टीवर काम करणाऱ्या त्यांच्या जुन्या मित्रानं एकदा चिटणिसाच्या चालीवर 'चाखणीस' म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पगाराच्या पाकिटावर तेवढं खरं नाव यायचं, आणि तेही एकदा चुकून 'श्री. चाखणीस' असं आलं होतं. प्रत्येक घाण्यातलं एक बिस्किट त्यांच्यापुढे यायचं. ते चावायचे, डोळे मिटायचे, आणि मग 'जाऊ द्या' किंवा 'थांबवा' एवढंच म्हणायचे. त्यांनी 'थांबवा' म्हटलं की दोनशे माणसांचे हात थांबायचे. असा मान घरी सोडाच, कुठंच मिळत नाही.

"म्हणजे साधारण चाळीस," त्यांनी मोजून सांगितलं. "पण काही काही अर्धीच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग शांतपणे, लहान मुलाला समजावावं तसं समजावलं. भात अर्धा. पाव अर्धा. बटाटा जवळजवळ नाहीच. साखर बंद. निम्मं ताट भाज्यांचं. अंडी, मासे, डाळी चालतील. ही गोळी सकाळी, खाण्याआधी. "आणि एक लक्षात ठेवा. गोळी घेतली की खायचंच. उपाशी राहायचं नाही. मी अर्धं म्हणतेय, शून्य नाही म्हणत."

"आणि बिस्किटं?"

"चव घ्या, गिळू नका. चहाची चव घेणारे लोक चहा गिळत बसतात का?"

चाखणीस बाहेर पडले तेव्हा त्यांना वाटलं, हे तर सोपं आहे. माणसाचं आयुष्य अवघड होतं ते अशाच वाटण्यातून.

घरी बायकोनं चिठ्ठी दोनदा वाचली. ती पोस्टात खिडकीवर बसायची, त्यामुळे कुठलाही कागद उलटा करून मागची बाजू पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मागे काही नव्हतं. तिनं फडताळातले डबे काढले, एक वाटी शोधली आणि सांगितलं, "ही तुमच्या भाताची. काठाच्या खाली." त्या रात्री ताटात कोबीचा डोंगर होता आणि डोंगराच्या पायथ्याशी एका लहानशा वस्तीसारखा भात होता.

"कोबी चांगला झालाय," चाखणीस म्हणाले.

"खोटं बोलू नका, मीठ विसरलेय मी त्यात," ती म्हणाली. तिच्यापुढे चव लपत नसे, खोटं त्याहून नसे.

ही एवढीच गोष्ट राहिली असती तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण चाखणिसांच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, मोजणीदार राहायचे. जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला हा एकटा माणूस. त्यांना अठरा वर्षांपासून मधुमेह होता आणि तो ते एखादी पदवी सांगावी तसा सांगत. बातमी जिन्यातून वर जायला एक दिवस पुरला. दुसऱ्या दिवशी ते दारात उभे.

"किती आली तीन महिन्यांची सरासरी? साखरेची?"

चाखणिसांनी आकडा सांगितला.

"एवढीच?" मोजणीदारांनी वरिष्ठ कारकुनानं उमेदवाराकडे पाहावं तसं पाहिलं. "सुरुवात आहे. आणि भात किती म्हणाली डॉक्टरीण?"

"अर्धा."

"अर्धा!" ते खुर्चीत बसले, म्हणजे आता तासाभराची निश्चिंती. "अहो, हद्द आखायची तर खुंटी ठोकून आखावी. अर्ध्या फुटावर खुंटी ठोकली तर शेजारचा शेत खातो. भात शून्य. पाव शून्य. आठ दिवसांत आकडा खाली येतो की नाही ते बघा. वहिनी, तुम्ही यांना भात वाढताच कशाला?"

वहिनींनी चहा आणला, बिनसाखरेचा, दोघांनाही. मोजणीदारांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पुढचे दहा दिवस ते चहाच्या वेळी फिरकले नाहीत. पण 'शून्य' हा शब्द मात्र ते मागे ठेवून गेले, आणि तो चाखणिसांच्या डोक्यात मुक्कामाला राहिला.

इकडे कारखान्यात वेगळंच चाललं होतं. न गिळायचं तर थुंकायला काहीतरी हवं. चाखणिसांनी रीतसर मागणीपत्र भरलं: 'थुंकण्यासाठी भांडं, नग एक.' स्टोअरकीपरनं ते तीनदा वाचलं.

"याला क्रमांक नाही," तो म्हणाला. "यादीत फुलदाणी आहे, राखदाणी आहे. थुंकदाणी नाही."

"मग राखदाणी द्या."

"राखदाणीला धूम्रपानाचं कारण लागतं आणि कारखान्यात धूम्रपानाला बंदी आहे."

"मग ती यादीत कशी?"

"बंदीच्या आधीपासून आहे," स्टोअरकीपर म्हणाला. शेवटी त्याला दया आली आणि त्यानं आगीची वाळू ठेवायची एक लाल बादली दिली. तिच्यावर पांढऱ्या रंगात 'आग' असं लिहिलेलं होतं. वाळू ओतून घेऊन त्यानं बादलीची पावती मात्र 'वाळूसह' अशीच फाडली.

ती लाल बादली घेऊन चाखणीस पट्ट्याशेजारी उभे राहिले. आल्याच्या बिस्किटांचा घाणा आला. त्यांनी एक चावलं, डोळे मिटले, 'जाऊ द्या' म्हटलं आणि वाकून बादलीत थुंकले.

पट्ट्यावरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत चाखणिसांनी बिस्किट थुंकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. 'थांबवा' म्हटलेलंसुद्धा ते गिळत असत. दुपारपर्यंत पॅकिंगमध्ये बातमी गेली की माल बिघडलाय आणि वरून दाबताहेत. संध्याकाळी सुटताना रोजची फुटक्या बिस्किटांची पुडी कुणीच घरी नेली नाही. भट्टीवाला तडक चाखणिसांकडे आला. त्याचा चेहरा पडलेला होता.

"माझं काय चुकलं ते तोंडावर सांग ना," तो म्हणाला. "असा सगळ्यांसमोर थुंकतोस?"

"तुझं काही चुकलं नाही रे."

"मग?"

चाखणिसांना 'मला साखर आहे' असं म्हणायचं होतं. पण साखरेच्या गोण्यांना टेकून उभं राहून ते म्हणवेना. "दाढ दुखतेय," ते म्हणाले.

"दुखणाऱ्या दाढेनं चावतोस आणि चावून झाल्यावर थुंकतोस?" भट्टीवाला म्हणाला, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसायचा बंद झाला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब बाहेरगावच्या चार व्यापाऱ्यांना कारखाना दाखवत होते. "आणि हे आमचे चव परीक्षक," असं म्हणून त्यांनी कौतुकानं हात पुढे केला. नेमक्या त्याच क्षणी परीक्षक वाकले. व्यापाऱ्यांनी बादलीत पाहिलं, बादलीवरचा शब्द वाचला आणि हातातली नमुन्याची पाकिटं हळूच टेबलावर ठेवली.

तासाभरात लेखी खुलासा मागवण्यात आला. चाखणिसांनी चार मसुदे फाडले. पाचव्यात सरळ लिहिलं की मला मधुमेह आहे, डॉक्टरांनी गिळायला मनाई केली आहे, माल उत्तम आहे. मॅनेजरसाहेबांनी तो कागद वाचून दार लावून घेतलं.

"बिस्किटांच्या परीक्षकाला मधुमेह!" ते कुजबुजले. "बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील? हे अत्यंत गोपनीय ठेवा." मग त्यांनी त्या कागदाच्या तीन प्रती काढायला बाहेर दिल्या, आणि चार वाजेपर्यंत रखवालदारसुद्धा चाखणिसांना "काळजी घ्या हं साहेब" म्हणू लागला. पॅकिंगमधल्या बायकांनी पंधरा उपाय सांगितले. त्यातले सात एकमेकांच्या विरुद्ध होते. भट्टीवाला मात्र नुसता आला, डबा उघडला आणि पूर्वीसारखा शेजारी बसला. "दाढ म्हणे," एवढंच तो थोड्या वेळानं म्हणाला.

पण कार्यालयाचं समाधान व्हायचं होतं. न गिळता चव बरोबर कळते याला पुरावा काय? मॅनेजरसाहेबांनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं. "मी मधुमेहाचं प्रमाणपत्र देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थुंकण्याचं देत नाही." मग एक समिती बसली: मॅनेजरसाहेब, कारखान्याच्या नर्सबाई आणि जाणकार म्हणून भट्टीवाला. ठरलं असं की चाखणिसांची परीक्षा घ्यायची. पाच ताटल्या, पाच घाणे. न गिळता ओळखता आले तर थुंकण्याची परवानगी कायम, नाहीतर त्यांची पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या विभागात बदली.

खोकी! चाखणिसांना जेवण गोड लागेना. तसंही त्यात गोड काही उरलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या जिभेची परीक्षा! आणि त्यात आठवडाभरात आकडा फारसा खाली आला नव्हता. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मोजणीदार जिन्यात भेटले. "अजून अर्ध्यावरच आहात ना?" त्यांनी विचारलं, आणि खेदानं मान हलवून ते वर निघून गेले.

बस्स. सकाळी बायको लवकरच्या पाळीला गेली होती. जाताना तिनं उकडलेली अंडी आणि पावाचा एक तुकडा झाकून ठेवला होता. चाखणिसांनी गोळी घेतली. पावाकडे पाहिलं. 'शून्य' म्हणाले. अंड्यांनी जीभ जड होईल असं वाटून तीही ठेवली. बिनसाखरेचा चहा प्यायले आणि निघाले. आपण कुणीतरी फार निश्चयी माणूस आहोत असं त्यांना दारापासून कोपऱ्यापर्यंत वाटत होतं.

परीक्षा नवाची होती. मॅनेजरसाहेबांचा फोन लांबला. साडेनऊ झाले, दहा झाले, पावणेअकरा झाले. मोहोर लावलेल्या पाच ताटल्या टेबलावर होत्या आणि चाखणीस त्यांच्यासमोर बसून होते. दहाच्या सुमारास त्यांना घाम फुटला. मग बोटं थरथरू लागली. मग एकाएकी त्यांना टेबलाचा फार राग आला.

"घाबरलात का?" मॅनेजरसाहेब शेवटी आत येत म्हणाले.

"मी? मी कशाला घाबरू?" चाखणीस इतक्या जोरात ओरडले की नर्सबाईंनी मान वर केली.

पहिली ताटली. चावलं, थुंकलं. "भाजणी एक मिनिट जास्त." बरोबर. दुसरी. "लोणी बदललंय." बरोबर. तिसरी चावताना त्यांना भिंतीवरचं घड्याळ दोन ठिकाणी दिसू लागलं. "ही... ही ठीक आहे." चौथी त्यांनी चावली, बराच वेळ चावली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बादलीकडे वाकले आणि वाकलेलेच खाली गेले. बादली कलंडली. 'आग' हा शब्द छताकडे पाहू लागला.

"सकाळी काय खाल्लंत?" नर्सबाई गुडघ्यांवर बसून विचारत होत्या. "गोळी घेतलीत? काय खाल्लंत?"

"शून्य," चाखणीस म्हणाले.

"साखर उतरलीय यांची. साखर आणा, लवकर!"

आता ज्या कारखान्यात रोज गोण्यांनी साखर येते तिथं साखर मिळायला किती वेळ लागावा? मॅनेजरसाहेब स्टोअरकडे धावले. स्टोअरकीपर म्हणाला, चमचाभर साखरेचं मागणीपत्र होत नाही, कमीत कमी एक गोणी. मॅनेजरसाहेब एका गोणीवर सही करू लागले, तर त्यांच्या पेनातली शाई संपलेली. तोवर भट्टीवाल्यानं क्रीमच्या विभागातून पाकाचा मोठा डाव भरून आणला होता. वाटेत पाक सांडत होता, त्यावरून दोन माणसं घसरली, पण तो थांबला नाही.

"घे," त्यानं डाव तोंडाशी धरला.

चाखणिसांनी ओठ घट्ट मिटले. "मला चालत नाही," ते दातांमधून म्हणाले.

"आत्ता चालतं!" नर्सबाई गरजल्या.

"पथ्य आहे."

"अरे, पथ्य गेलं खड्ड्यात!" भट्टीवाल्याचा आवाज फाटला. "पी म्हणतो ना! माझ्यासाठी पी!"

चाखणिसांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. ते प्यायले. सगळा डाव प्यायले.

दहा मिनिटांनी घड्याळ पुन्हा एक झालं. टेबलाचा राग गेला. चाखणिसांनी भोवती जमलेली माणसं पाहिली आणि आपण जमिनीवर आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. अशा वेळी काय बोलावं हे त्यांना सुचेना, म्हणून ते कामाचंच बोलले.

"चौथ्यातल्या पिठाला वास आहे. गोणी ओल लागलेली असणार, बघा." मग जीभ टाळ्याला लावून त्यांनी जरा विचार केला. "आणि हा पाक थोडा जास्त आटलाय."

भट्टीवाला रडता रडता हसला. पीठ तपासलं, गोणी खालून भिजलेली निघाली. समितीच्या इतिवृत्तात नोंद झाली ती अशी: 'परीक्षा समाधानकारक. परीक्षार्थी काही काळ जमिनीवर होता. परवानगी देण्यास हरकत नाही.'

बायको कारखान्याच्या दवाखान्यात आली तेव्हा चाखणीस खाटेवर बसून नर्सबाईंच्या देखरेखीखाली अर्धा पाव आणि अंडं खात होते. तिनं आयुष्यात पहिल्यांदा पोस्टातली खिडकी वेळेआधी बंद केली होती. बाहेर रांग उभी असताना. शिक्का मारायची शाई तिच्या बोटांना तशीच होती. ती स्टुलावर बसली आणि नर्सबाईंनी दिलेला कागद तिनं उलटूनही पाहिला नाही. हे वाईट लक्षण होतं.

"मी झाकून ठेवलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"फोनवर नुसतं म्हणाले, पडलेत. कसे, कुठं, काही नाही. नुसतं पडलेत." तिनं बोटांवरची शाई पदरानं पुसायचा प्रयत्न केला, ती पदरालाही लागली. "भात कोबीखाली लपवून वाढला असता तर खाल्ला असता का? मी काय काय करायचं सांगा. डॉक्टरनं अर्धा सांगितला. शून्य कुणी सांगितला?"

चाखणिसांनी फक्त वर पाहिलं. दवाखान्याच्या वर कारखान्याचं गच्चीवरचं पाण्याचं टाकं होतं, पण तिला बरोबर कळलं.

डॉक्टरीणबाईंनी गोळी कमी केली आणि 'अर्धा' हा शब्द चिठ्ठीवर तीन ठिकाणी लिहून दिला. त्या संध्याकाळी बायको ती चिठ्ठी हातात घेऊन वरच्या मजल्यावर गेली. चाखणीस जिन्याखाली कान देऊन उभे राहिले. आता आवाज चढेल, आता चढेल, असं त्यांना वाटत होतं. आवाज चढला नाही. अर्ध्या तासानं ती खाली आली आणि ओट्यापाशी उगीचच भांडी सारखी करत राहिली.

"काय म्हणाले?"

"त्यांच्या घरात एक कढई आहे, एक पेला आहे आणि कोरड्या बिस्किटांचा डबा आहे. तुमच्याच कारखान्याच्या. भात शून्य, पाव शून्य. मग भूक लागली की ती बिस्किटं. दिवसभर. त्यात काही नसतं असं वाटतं त्यांना, गोड नाहीत ना म्हणून."

"आणि आकडा?"

"सहा वर्षांत तपासलेलाच नाही. भीती वाटते म्हणाले." तिनं कढई पालथी घातली, पुन्हा उताणी केली. "मी विचारलं, जेवता काय रोज, तर रडायलाच लागले हो. उद्या तपासायला नेते मी त्यांना. आणि संध्याकाळचे आपल्याकडे जेवतील."

"रोज?" चाखणिसांनी विचारलं. त्या एका शब्दात बिचाऱ्यांनी आपला सगळा थकवा ओतला.

"रोज," ती म्हणाली.

मोजणीदारांचा आकडा चाखणिसांपेक्षा बराच वर निघाला. दुसऱ्या दिवसापासून ते वाटी कुठवर भरावी याची पट्टी घेऊन येऊ लागले.

तीन महिन्यांनी चाखणिसांची सरासरी खाली आली. फार नाही, पण चांगली आली. नर्सबाईंनी ते आपल्या पाकाच्या प्रसंगाचं यश मानलं. मॅनेजरसाहेबांनी वार्षिक अहवालात 'कर्मचारी आरोग्य योजना' असा परिच्छेद घातला. पॅकिंगमधल्या पंधरा उपायांच्या पंधरा मालकिणींनी स्वतंत्रपणे अभिनंदन केलं. चाखणिसांनी सगळ्यांचे आभार मानले. वाद घालायला अंगात साखर लागते.

डॉक्टरीणबाईही खूश होत्या. "छान. आता हे असंच चालू ठेवायचं."

"किती दिवस?" चाखणिसांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि फार मायेनं त्यांच्याकडे पाहिलं.

संध्याकाळी घरी तीन ताटं मांडली होती. निम्म्यात भाजी, एका कडेला मासा आणि वाटीच्या काठाखाली भात. मोजणीदार पट्टी शेजारी ठेवून बसले होते. "वहिनी, रेघेच्या दोन सूत खालीच राहिलाय हं आज," ते जरा दुखावून म्हणाले.

"आहे तो एवढाच," वहिनी म्हणाल्या आणि स्वतःच्या ताटातला चमचाभर त्यांना वाढला.

सकाळपासून चाखणिसांनी चाळीस वेळा चावलं होतं आणि चाळीस वेळा लाल बादलीकडे वाकले होते. कंबर भरून आली होती. त्यांनी भाताचा घास घेतला. सवयीनं डोळे मिटले, सावकाश चावला, क्षणभर थांबले. बायको त्यांच्याकडे पाहत होती.

मग त्यांनी तो गिळला.

"जाऊ द्या?" तिनं विचारलं.

"मीठ आहे आज," चाखणीस म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.